गरम झालं की सरकणारं भिंग

“स्कोपमध्ये काही फॉल्ट नाही, अंकल,” मिस्टर लिम म्हणाले. “एकदा डोळे चेक करून घ्या ना. वय झालं की होतंच.”

समोर मिस्टर चॉन्ग बसले होते. त्यांची मान आधी लाल झाली, मग कान. त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर उलटी ठेवली आणि तिच्या आत बघत राहिले. मी बाजूला टेस्ट रिपोर्ट घेऊन उभी होते. रिपोर्टखाली सही माझी होती. मागच्या बाकावर पेंडसेकाका सूर्य-तारे पाहून जहाजाची जागा काढायच्या सेक्स्टंटचा आरसा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं वर्कशॉप सिंगापुरात, यिशुनला होतं. फ्लॅटेड फॅक्टरी म्हणतात तशी इमारत, प्रत्येक मजल्यावर दहा-बारा छोटे कारखाने. आमच्या एका बाजूला शिवणयंत्रं दुरुस्त करणारे, दुसऱ्या बाजूला फिशबॉल बनवणारे. त्यामुळे लिफ्टमध्ये कायम माशांचा वास. आम्ही दुर्बिणी, सेक्स्टंट, सर्व्हेची उपकरणं, मायक्रोस्कोप असं भिंग असलेलं सगळं दुरुस्त करायचो. बहुतेक काम जहाजांचं. माझे यजमान मरीन इंजिनियर, सहा-सहा महिने बोटीवर. पुण्याला फिजिक्स शिकलेली मी बिशानच्या फ्लॅटमध्ये बसून काय करणार? एका ओळखीनं पेंडसेकाकांची गाठ पडली आणि त्यांनी मला तिथं चिकटवलं.

पेंडसेकाका मुंबईच्या गोदीत उपकरणं दुरुस्त करत मोठे झालेले. माझ्या हाताला जे काही वळण आहे ते त्यांचं. भिंग उघडताना श्वास कुठे सोडायचा इथपासून त्यांनी शिकवलं. रागावले की म्हणायचे, “वैशाली, भिंगाला तुझी डिग्री दिसत नाही. बोट दिसतं.” मिस्टर लिम मालक होते, पण अवघड काम आलं की तेही आधी ‘अंकल पेन’ला विचारायचे.

आता मिस्टर चॉन्ग यांचा स्कोप. रायफलवर जी छोटी दुर्बीण बसवतात तिला स्कोप म्हणतात. आतून पाहिलं की अधिकच्या चिन्हासारख्या दोन बारीक रेघा दिसतात, त्या क्रॉसहेअर. दोन्ही रेघा जिथं छेदतात तिथं गोळी लागली पाहिजे. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. उलटी दिसणारी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं त्या नळीत बसवलेली असतात. बाहेरची बटणं फिरवली की ही आतली नळी केसभर हलते आणि निशाण वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकतं. प्रत्येक सरकण्याला ‘टिक’ असा आवाज येतो. ती एक क्लिक.

मिस्टर चॉन्ग जोहोरमधल्या एका पामतेलाच्या एस्टेटवर मॅनेजर होते. जोहोर म्हणजे पूल ओलांडला की पलीकडचा मलेशिया. तिथं रानडुकरं पामच्या कोवळ्या रोपांचे कोंभ खाऊन जातात. रांगच्या रांग एका रात्रीत संपते. म्हणून परवान्याची रायफल. रायफल पुलापलीकडेच राहायची. ती सिंगापुरात आणणं म्हणजे थेट तुरुंग, हे इथं राहिलेल्या कुणाला सांगायला नको. आमच्याकडे यायचा तो फक्त स्कोप. आदल्या वर्षी त्यात बुरशी झाली होती. इथल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, जाळं विणल्यासारखी. तेव्हा स्कोप आमच्याकडेच साफ करून घेतला होता. आता त्यांची तक्रार होती, की गोळी नेम धरला तिथं लागत नाही. कधी बरोबर, कधी वीतभर खाली.

रायफल नसताना तपासायचं कसं? त्याची ठरलेली पद्धत आहे. आधी बाहेरून पाहायचं, नळीला पोचा आहे का, पकडीचे वळ आहेत का. काही नव्हतं. मग कॉलिमेटरवर लावायचा. कॉलिमेटर म्हणजे टेबलावरच खूप लांबचं लक्ष्य पाहिल्याचा आभास देणारं उपकरण. त्यातून बघत बटणं फिरवायची. उजवीकडे काही क्लिक, तेवढ्याच वर, तेवढ्याच डावीकडे, तेवढ्याच खाली. असा चौकोन पूर्ण केल्यावर क्रॉसहेअर निघाले तिथंच परत यायला हवेत. आले. मग रबरी हातोडीनं नळीला मागून-पुढून ठोके द्यायचे. गोळी सुटताना रायफल मागे धक्का देते, त्याची ही नक्कल. ठोके दिले. क्रॉसहेअर ढिम्म हलले नाहीत. शेवटचा प्रश्न असतो, हा आधी कुणी उघडलाय का? उघडला होता, पण पेंडसेकाकांनी. तो प्रश्न मी तिथंच सोडला. ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून सही केली.

आणि त्या कागदाच्या जोरावर मिस्टर लिमनी एका म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत डोळे तपासायला सांगितलं होतं.

मिस्टर चॉन्ग उठले. स्कोप घेतलाच नाही. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. खरं म्हणजे त्या खोलीत उभं राहवत नव्हतं म्हणून गेले. लिफ्ट आली, गेली. ते आत शिरले नाहीत.

“मिस,” ते म्हणाले, “मला नवीन स्कोप नको. पैसे परत नकोत. मला फक्त एक सांगा. मी की स्कोप?”

“सर, आमच्या टेस्टप्रमाणे...”

“माझा ट्रॅकर आहे, सेल्वम. माग काढणारा. वीस वर्षं माझ्याबरोबर. मी डुकराच्या खांद्यावर नेम धरला. गोळी पायात लागली. जखमी डुक्कर पळत नाही, मिस, अंगावर येतं. ते सेल्वमवर गेलं. मांडी फाडली त्यानं. हाड बाहेर दिसत होतं. तो जगला. आता काठीशिवाय उभा राहत नाही. एस्टेटवर सगळे म्हणतात, बॉस प्यायला होता.”

“तुम्ही प्यायला होता?”

हे माझ्या तोंडून निघून गेलं. तपासणीच्या सवयीनं. निघाल्यावर जीभ चावावीशी वाटली.

त्यांना राग आला नाही. “दुपारी जेवणाबरोबर एक बिअर. सगळे घेतात. पण मी स्वतःलाच रोज हा प्रश्न विचारतो.”

“दुपारची गोष्ट का ही?”

“दुपारची. सकाळी मी त्याच रायफलनं दोन डुकरं पाडली होती. दोन्ही जागच्या जागी.”

मी विचारलं, “मधल्या वेळात रायफल कुठं होती?”

“जीपमध्ये. मागच्या सीटवर.”

“उन्हात?”

“एस्टेटवर सावली कुठली, मिस? रोपं गुडघ्याएवढी.”

मी त्यांना म्हटलं, “मला थोडे दिवस द्या.” ते गेले तेव्हा टोपी त्यांच्या हातातच होती. घालायचं भान नव्हतं.

आमचं वर्कशॉप कायम थंडगार असायचं. धूळ आणि दमटपणा नको म्हणून एसी बंदच करायचे नाहीत. स्वेटर घालून बसायचो आम्ही, विषुववृत्ताजवळ. त्या थंडीत मी स्कोप तपासला होता. बंद जीपमधली भर दुपार मी कुठे तपासली होती?

दुसऱ्या दिवशी मी स्कोप तापवला. बाकावरचा मोठा दिवा जवळ ओढला आणि नळी हाताला चटका बसेल इतकी गरम होऊ दिली. कॉलिमेटरवर लावला. क्रॉसहेअर जागेवर. हातोडीचा एक ठोका दिला. जागेवर. दुसरा दिला. समोरची प्रतिमा हलली. किंचित, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तशी, आणि तिथंच थांबली. परत आली नाही. टेबलावर ते अंतर नखाएवढंही नव्हतं. शंभर मीटरवर ते वीतभर होतं. खांदा आणि पाय यांच्यामधलं.

स्कोप थंड होऊ दिला आणि पुन्हा तापवला. पुन्हा तेच.

“सापडलं!” मी मोठ्यांदा म्हणाले. शेजारच्या बाकावरची मेई लिंग हसली. बिघाड सापडल्याचा आनंद ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच कळेल. अंगात वीज खेळते. त्याच आनंदात मी स्कोप उघडला, आतली नळी बाहेर काढली आणि मॅग्निफायरखाली धरली.

भिंग जागेवर राहावं म्हणून त्याच्यावर एक आट्यांची कडी फिरवून घट्ट बसवतात. ती धक्क्यानं सैल होऊ नये म्हणून कडी आणि नळी यांच्या सांध्यावर लॅकरचा, म्हणजे घट्ट वाळणाऱ्या रंगाचा, एक थेंब सोडतात. इथं ती कडी तिरकी बसली होती. आटा चुकलेला. एका बाजूनं भिंगाला टेकलेली, दुसऱ्या बाजूनं अधांतरी. कडेवर हत्यार घसरल्याचे ओरखडे होते, तीन-चार, एकमेकांवर. आणि लॅकरचा थेंब सांध्यावर नव्हताच. शेजारी, कोऱ्या धातूवर पडला होता. त्याचा एक ओघळ कसाबसा सांध्यापर्यंत पोचला होता आणि त्या ओघळावर ते भिंग वर्षभर तगलं होतं. थंड असताना ओघळ कडक. उन्हात तापला की मऊ.

थेंब हिरवा होता.

आम्ही सगळे बाजारातलं लाल लॅकर वापरायचो. हिरवं फक्त एकजण वापरायचे. स्वतः मिसळून, छोट्या बाटलीत भरून.

माझा आनंद जसा आला तसा गेला. मी नळीवर घाईघाईनं कापड टाकलं. कुणी उघडं पडलेलं असावं आणि आपण दार ढकलून आत शिरावं, तसं काहीतरी झालं. पाठीमागे पेंडसेकाका मेई लिंगला काहीतरी समजावत होते, त्यांचा आवाज येत होता. मला मागे वळून बघण्याची लाज वाटली. चूक त्यांची, लाज मला. हे कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या काही महिन्यांत ते मला व्हर्नियरचे बारीक आकडे वाचायला द्यायचे. “चष्मा घरी राहिलाय गं.” बारीक काम आलं की, “हे तू कर, हात बसेल तुझा.” हा स्कोपसुद्धा त्यांनीच माझ्याकडे सरकवला होता. मला वाटायचं, विश्वास वाढलाय.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी त्यांना जिन्यावर गाठलं. रोजच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवर, न जाता ते डबा घेऊन जिन्यातच बसायचे. हल्ली ते तिथंच बसायला लागले होते. पायऱ्या उतरताना ते एका हातानं कठडा धरायचे, हेही मला त्या दिवशी दिसलं.

“काका, चॉन्गच्या स्कोपमधला बिघाड सापडला.”

“हं. काय निघालं?”

“कडी तिरकी बसलीय.”

ते पोळीचा तुकडा मोडत होते. हात थांबला.

“लॅकर कुठल्या रंगाचं?”

मी पायऱ्यांकडे बघत राहिले. त्यांनी डबा बंद केला. झाकणाच्या कड्या बसेनात, दोनदा सुटल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा छातीशी धरला.

“उभी रेघ वाकडी दिसते मला,” ते म्हणाले. “उजव्या डोळ्यानं. क्रॉसहेअरची उभी रेघ. आधी वाटलं रेघच वाकडी आहे. चांगले स्कोप उघडले मी, वैशाली, वाकडी रेघ सरळ करायला. मग एकदा बाथरूमच्या फरश्यांची रेघही वाकडी दिसली. तेव्हा कळलं.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. पडद्याच्या मधोमध खराबी आहे. उपाय नाही म्हणाला. डावा धडधाकट आहे, म्हणून डाव्यानं चालवत होतो. पण चाळीस वर्षं उजव्यानं बघितलंय. हात उजव्या डोळ्याचं ऐकतो.”

“काकूंना ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही.” मग ते एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “लिमला सांगू नकोस. तू कडी नीट बसव, स्कोप देऊन टाक. पुढच्या वर्षी मुलगी ग्रॅज्युएट होतेय, मग मी आपणहून जातो. इथं राहायचा माझा पास या नोकरीवर आहे, तुला माहीत आहे. एवढं कर. मी तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही.”

ज्या माणसानं मला रडवून रडवून शिकवलं तो माझी विनवणी करत होता. हो म्हणून तिथून पळावं असं वाटलं. मी हो म्हणालेही असते.

पण त्यांना सेल्वम माहीत नव्हता. लिफ्टपाशी काय बोलणं झालं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मी आता सांगितलं. डुक्कर, मांडी, काठी, आणि एस्टेटवर लोक काय म्हणतात ते.

काका ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, “वय काय त्याचं?”

“विचारलं नाही मी.”

“विचारायचं होतंस,” ते म्हणाले आणि उठून कठडा धरून वर गेले.

मिस्टर लिमना तर सांगणं भागच होतं. संध्याकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये ती नळी ट्रेवर ठेवून नेली आणि ‘कडी तिरकी बसलीय, गरम झाल्यावर भिंग सरकतं’ एवढंच बोलले. त्यांनी मॅग्निफायर लावला. हिरवा थेंब पाहिला. उठून केबिनचं दार लावलं.

“अंकल पेनला माहीत आहे?”

“हो.”

“आय्याऽ,” ते चिनी ढंगात उसासले आणि खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. त्यांना धंदाही दिसत होता आणि माणूसही. “वैशाली, ऐक. रिपोर्टमध्ये लिही, आतला पार्ट झिजून सैल झाला. बस. स्कोप फुकट दुरुस्त करून देऊ. कस्टमरला उत्तर मिळालं, अंकलची अब्रू राहिली, कंपनीची राहिली. सगळे खूश. कॅन?”

“पण झिजला नाहीये, मिस्टर लिम. बसवतानाच...”

“मी विचारलं, कॅन ऑर नॉट?”

मी ट्रे उचलला. हो म्हटलं नाही, नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दोन दिवस तो रिपोर्ट कोराच राहिला. घरी माझी मुलगी म्हणाली, “आई, व्हाय यू सो क्वाएट?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

स्कोप मात्र मी नीट बसवला. आटे साफ केले, नवी कडी, लाल लॅकर सांध्यावर. तापवून ठोकला, गार करून ठोकला. हलला नाही.

मिस्टर चॉन्ग आले त्या दिवशी मिस्टर लिमनी त्यांना स्वतः चहा आणून दिला. मी रिपोर्ट पुढे ठेवला. मी लिहिलं होतं, ‘कडी चुकीची बसल्यामुळे उष्णतेत भिंग सरकत होतं.’ कुणी बसवली ते लिहिलं नव्हतं. मिस्टर लिमनी वाचून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग गोड आवाजात म्हणाले, “मिस्टर चॉन्ग, तुमची चूक नाही. स्कोपच होता. आतले पार्ट कधीकधी...”

“मी बसवली.”

पेंडसेकाका दारात उभे होते. अंगात कामाचा पांढरा कोट होता, वरपर्यंत बटणं लावलेली. इंग्रजी त्यांचं तुटक होतं, पण त्या दिवशी एक शब्द अडखळला नाही.

“ती कडी मागच्या वर्षी मी बसवली, सर. चुकीची बसवली. माझा डोळा गेलाय. मी ते लपवलं. तुमचा नेम बरोबर होता.”

मिस्टर लिम टेबलाकडे बघत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मिस्टर चॉन्गनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं त्यांनी. इतके महिने ते स्वतःला गुन्हेगार समजत होते, आणि आम्ही वर त्यांना डोळे तपासायला सांगितलं होतं.

ते काकांकडे नुसते बघत राहिले. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, “माझ्याबरोबर खाली या.”

“खाली?”

“सेल्वम गाडीत आहे. वर यायला तयार नव्हता. मला सांगताय ते त्याला सांगा.”

आम्ही तिघं लिफ्टनं उतरलो. माशांचा वास नेहमीसारखाच. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण काकांना एकटं सोडवेना. खाली माल चढवायच्या जागेत त्यांची जीप उभी होती. पुढच्या सीटवर एक काळासावळा, पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. एक पाय सरळ ताणलेला, मांडीशी काठी. आम्हाला पाहून त्यानं काच खाली केली.

काकांना तमिळ येत नव्हतं. पण इतक्या वर्षांत बाजारापुरतं मलय आलं होतं, भाजीवाल्यांशी बोलण्याएवढं. त्यांनी जीपच्या दाराला हात लावला आणि तेवढ्याच भाषेत सांगितलं.

“साया पुन्या सालाह.” माझी चूक. मग चॉन्गकडे हात करून, “बुकान दिया पुन्या.” ह्यांची नाही. मग आपल्या उजव्या डोळ्याला बोट लावलं. पुढचं त्यांना येईना. ते तसेच उभे राहिले, डोळ्याला बोट लावून. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

उरलेलं मिस्टर चॉन्गनी सांगितलं. भराभर, मलयमध्ये. स्कोप, ऊन, कडी. सेल्वमनं सगळं ऐकून घेतलं. एकदा काकांच्या डोळ्याकडे पाहिलं, एकदा चॉन्गकडे. मग काहीतरी बोलला, दोन-चार शब्द. आणि काच वर केली.

“काय म्हणाला?” काकांनी विचारलं.

मिस्टर चॉन्ग सांगायला तयार नव्हते. काकांनी पुन्हा विचारलं.

“म्हणाला, पाय तर तोच आहे ना.”

जीप गेली. काका तिथंच एका रिकाम्या पेटाऱ्यावर बसले. मी शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं फिशबॉलवाल्यांचा ट्रक मागे घेत ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा आम्ही उठलो.

पुढचं थोडक्यात. मिस्टर लिमनी काकांना काढलं नाही. तू शिकव, बाकावर बसू नको, असं सांगितलं. पण त्याआधी एक काम करावं लागलं. काकांनी वर्षभरात जे जे उघडलं होतं त्यातलं जेवढं परत मागवता येईल तेवढं मागवून मी तपासलं. तुआसच्या यार्डातल्या जहाजांवर जाऊन दुर्बिणी आणल्या. काका रोज माझ्या शेजारी बसायचे. मी म्हटलं, तुम्ही नका बसू. ते म्हणाले, “मी उघडतो, तू बघ.” मी मॅग्निफायरमधून बघायचे आणि बोलायचे, “ठीक आहे,” “ठीक आहे.” एका दुर्बिणीपाशी मी गप्प झाले, तर त्यांनी ती माझ्या हातातून हळूच घेऊन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली. पुढे आणखी एक तशीच निघाली. तोवर मी कुठल्याच कामाला इतकी कंटाळले नव्हते. त्यांच्या हत्याराचे ओरखडे मला आता झोपेतही ओळखता आले असते.

त्यांच्या मुलीचं शिक्षण संपल्यावर ते मुंबईला परतले. विमानतळावर मी गेले होते. काकूंनी त्यांचा दंड धरला होता, सगळ्यांसमोर, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मिस्टर चॉन्गनी तो स्कोप परत रायफलवर चढवला की नाही, मला माहीत नाही. सेल्वमला त्यांनी आधीच एस्टेटच्या वजनकाट्यावर बसून करायचं काम दिलं होतं. एस्टेटवर लोक आता काय म्हणतात, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

वर्कशॉपमध्ये एक नियम मात्र झाला. ज्यानं जोडलं त्यानं तपासायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, तेही गरम करून. नवी माणसं नाराज होतात. विश्वास नाही का, म्हणतात. मी कारण सांगत बसत नाही. नियम मलाही लागू आहे. आज इतक्या वर्षांनीही माझं काम मी दुसऱ्याच्या बाकावर ठेवते, तो मॅग्निफायर लावतो, आणि त्यानं मान वर करेपर्यंत मी माझ्या बाकावर परत जात नाही.